गवई त्यांचा, बिऱ्हाड आमच्याकडे

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरचे बँकेतले भाऊजी रिटायर झाल्यापासून पक्ष्यांच्या मागे लागलेत ना, दुर्बीण जेवतानाही गळ्यात म्हणे... तर परवा सगळ्यांना सांगत सुटले, आमच्या बागेत दोन जाती येतात, एक काळापांढरा, एक राखाडी. समोरच्या वहिनींची जीभ तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणाल्या, "भाऊजी, दयाळ नवराबायको आहेत ते! बांगलादेशाचा राष्ट्रीय पक्षी, त्यांच्या दोन टाकाच्या नोटेवरसुद्धा होता. जन्मभर नोटा मोजल्यात की हो तुम्ही!" अहो, चेहरा असा उतरला...

मग सावरत म्हणे, "मला वाटलं चिरक." आता चिरकाच्या शेपटीखाली तांबूस असतं, दयाळाचं पोट पांढरं आणि पंखावर लांब पांढरी पट्टी. शेपूट मात्र दोघंही ताठ उभारतात, मेले. तेवढा घोळ माफ.

तर काय सांगत होते... हां, भाऊजींचा बर्ड फीडर! लेकानं पाठवलेला, चांगला महागाचा. त्यात बाजरी, तांदळाची कणी. आलं कोण? कबुतरं! दयाळ ढुंकून बघेना. बघेल कसा? किडे, गांडुळं खाणारा जीव तो, कधी पालीचं पिल्लूही मटकावतो. आणि ह्यांचा माळी रोज पाचोळा झाडून नेतो, वर औषध फवारतो. मग ह्यानं खायचं काय, फरशी?

आमच्याकडे शेवग्याखाली पाचोळा तसाच पडलेला. सासूबाई बोलतात, बोलू देत. उथळ परातीत पाणी, आणि भिंतीच्या कोनाड्यात भोकाचं मडकं. झालं! मार्चपासून पहाटे गाणं भाऊजींच्या अँटेनावर, संसार आमच्या मडक्यात. दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला काय करतो! थंडीत मात्र हाच गवई नुसता खरखरतो. आणि अंडी चार-पाच, पण उबवायची एकट्या तिनं. हा आपला शेंड्यावर बसून ताना मारतोय, हद्द राखतोय म्हणे. पिल्लं झाल्यावर भरवू लागतो थोडंफार, नाही असं नाही...

बरं, खरी गंमत पुढेच. काल भाऊजींच्या मिसेस मागच्या दारानं आल्या, हळूच म्हणतात, "एखादं जुनं मडकं आहे का हो? ह्यांना कळू देऊ नका." दिलं की मी! नुसतं विचारलं, "मडकं न्या, पण तुमच्या बोक्याचं काय करणार?" तर बाई मडकं हातात धरून माझ्याकडे बघतच राहिल्या.