डबा आधी, साहेब नंतर

सायकल-लोकलची सांगड मुंबईच्या डबेवाल्यांच्या अंगवळणी पडून पिढ्या लोटल्या. धंदा १८९० पासूनचा. २००३ मध्ये इंग्लंडचे युवराज चर्चगेटला येऊन तो पाहून गेले. आपले साहेब मात्र परवापर्यंत वांद्र्याच्या सिग्नलला, पाच जणांच्या गाडीत एकटे. त्यांची पोळी-भाजी केव्हाच नरिमन पॉइंटला पोचलेली असायची.

आता साहेबांनी गाडी सोडली. म्हणजे घडीची सायकल घेतली, हेल्मेट, चकाकतं जाकीट आणि हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ घेतलं, पहिल्या वर्गाचा पास काढला. सगळं पर्यावरणासाठी. (ऑफिसातलं फुकट पार्किंग बंद झालं, हा निव्वळ योगायोग.) सकाळी अंधेरीला चढताना सायकलीची घडी घालायची राहिली. ती गर्दीने घातली, साहेबांसकट.