पाइप वेगळा पडेल

स्वयंपाकघराची चिमणी दाखवताना दुकानदार मोटर, काच, ऑटो क्लीन, हात हलवला की सुरू होणारी सोय, सगळं समजावून सांगतो. पैसे देऊन खोकं ऑटोत ठेवलं, की मग म्हणतो, ‘पाइप वेगळा पडेल.’ माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे. धूर ज्या वाटेने घराबाहेर जाणार, ती वाट यंत्राच्या किमतीत नाही, फिटिंगच्या दरात नाही आणि वॉरंटीतही नाही.

फिटिंगवाला येतो, ओट्यावर चिमणी टांगतो, एक्झॉस्ट फॅनच्या जुन्या भोकात पाइप कोंबतो आणि सही घेऊन निघून जातो. मोटर घुमते, पण मिरचीची फोडणी पडली की हॉलमध्ये बसलेल्यांना ठसका लागतो. म्हणून वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या आमच्या घरातला पाइप मी स्वतः बसवला. काम अवघड नाही. ते नीट कसं करायचं हे सांगणारा माणूस मात्र या सगळ्या साखळीत कुठेच नाही, आणि राग या गोष्टीचाच येतो.

चिमणीचं तोंड 6 इंची. दुकानात हाताशी असतो 4 इंची पाइप, आणि सल्ला मिळतो रिड्यूसर लावण्याचा. व्यास 6 वरून 4 वर आला की हवेला मिळणारी जागा निम्म्याहूनही कमी होते. मोटर वीज खातच राहते, आवाज वाढतो आणि धूर ओट्यावर रेंगाळतो. हा हिशेब शाळेतल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा आहे. गिऱ्हाइकाला चुकीचं माप देणाऱ्याला तो माहीत नसेल, असं मला वाटत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा लवचीक पाइप हार्मोनियमच्या भात्यासारखा मिटलेला मिळतो. तो पूर्ण ताणायचा आणि उरलेला तुकडा कापून टाकायचा. बहुतेक घरांत तो अर्धवट ताणून, जास्तीची लांबी कपाटावर गुंडाळून ठेवलेली दिसते. मग प्रत्येक घडीत हवा अडखळते आणि तेल साचतं. हे साचलेलं तेल पेट घेऊ शकतं, त्यामुळे गोष्ट नुसत्या वासापुरती राहत नाही. वळणं कमीत कमी हवीत, आणि जे घ्यावं लागेल ते ऐसपैस हवं. सांध्यावर स्टीलचा क्लॅम्प आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमची टेप लावायची. खोकी बंद करायच्या तपकिरी टेपचा गोंद उष्णतेने सुटतो, तरी फिटिंगवाल्यांच्या पिशवीतून निघते तीच. पाइपाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. तोंडाशी झडप असलेली टोपी हवी, नाहीतर पाखरं घरटं करतात.

बांधकाम करणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच हवं. या भागात लेआउटमागून लेआउट पडले. प्रत्येक नव्या घरात ग्रॅनाइटचा ओटा आहे, फिल्टरचा पॉइंट आहे, चिमणीसाठी विजेचं बटणही आहे. 6 इंची भोक नाही. मग विटांच्या पक्क्या भिंतीत मशीनने कोअर कटिंग करायचं, टाइल तडकली तर ती सोसायची आणि त्याचे पैसेही आपणच भरायचे.

आणि हे कुठे, तर वर्ध्यात! 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथे स्थापन झाला. गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांनी तो वर्ध्यातल्याच मगनवाडीतून चालवला, आणि तिथल्याच कामातून मगन चूल पुढे आली. मातीची, साध्या घरातल्या बाईसाठीची चूल. पण धूर बाहेर नेणारा पाइप त्या चुलीचाच भाग होता. तो काढला तर ती मगन चूल राहत नाही. पुढे 1980च्या दशकात सरकारने देशभर सुधारित चुली वाटल्या, तेव्हाही धडा तोच मिळाला: पाइप तुंबला किंवा मोडला आणि कुणी लक्ष दिलं नाही, की धूर पुन्हा घरात. इतकं सगळं इथल्या मातीत घडून गेलेलं असताना आज हजारो रुपयांच्या यंत्रासोबत पाइप मिळू नये, हे मला मान्य नाही.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं: ताशी 1200 घनमीटर. 10 फूट लांब, रुंद आणि उंच स्वयंपाकघरात हवा मावते सुमारे 28 घनमीटर. म्हणजे तो आकडा खरा व्हायचा तर तासाला चाळीसहून जास्त वेळा खोलीतली सगळी हवा बदलायला हवी. ती येणार कुठून? थंडीत दारं-खिडक्या लावून चिमणी चालवली तर तिला ओढायला हवाच मिळत नाही. एक खिडकी किलकिली ठेवा, एवढं वाक्यही माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत.

मागणी साधी आहे. पाइप, क्लॅम्प आणि टोपी खोक्यातच द्या. किंमत वाढली तरी चालेल. पाइपाचा व्यास, जास्तीत जास्त लांबी आणि चालतील तेवढी वळणं ताशी 1200च्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. आणि घर बांधणाऱ्यांनो, ओट्यावरच्या बाहेरच्या भिंतीत वीटकाम चालू असतानाच 6 इंची पाइप जाईल एवढी वाट ठेवा. तेव्हा ते गवंड्याचं थोड्या वेळाचं काम असतं.