तीस वॉटचा संसार

रायपुरात चांगल्या आवाजाची कसोटी सोपी आहे. खिडकीच्या काचा थरथरल्या पाहिजेत. लग्नाच्या वरातीत किंवा गणपती विसर्जनाच्या झांक्यांमागे ट्रकभर भोंगे रचून धुमाल निघतो, तेव्हा गोलबाजारातला ठोका जयस्तंभ चौकातल्या चहात तरंग उठवतो. छत्तीसगड राज्य आणि ध्वनिप्रदूषणाचे नियम, दोन्ही २००० सालचे. त्यांतलं राज्य अमलात आलं. बिलासपूरच्या हायकोर्टाने डीजेच्या गोंगाटाची स्वतःहून दखल घेतली, कानउघाडणी केली. पण ज्यांचे कान उघडायचे ते भोंग्यांच्या मागे उभे असतात. अशा गावात ‘तंबोऱ्याचा खर्ज नीट उमटत नाहीये हो’ म्हणून रात्रीची झोप घालवणाऱ्या माणसाकडे लोक सहानुभूतीने बघतात. घरचेही.

हे दुखणं आमच्याकडे वडिलांपासून आहे. ते रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातले. भोसल्यांच्या मागोमाग नागपूरकडून मराठी माणूस छत्तीसगडात आला, इथे रुळला, हिंदीत भांडायला शिकला, पण गाणं मराठीतच ऐकत राहिला. १९६३ साली रायपूरला आकाशवाणी केंद्र आलं, तरी हवं तेव्हा हवं ते नाट्यगीत ऐकायचं तर तबकडीला पर्याय नव्हता. गाणं मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचं आणि एचएमव्हीची तबकडी निघायची कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून. रायपूर नेमकं मुंबई–हावडा लोहमार्गावर. म्हणजे गाणं आमच्या स्टेशनावरून आधी पूर्वेला गेलं असणार, मग तबकडी होऊन पश्चिमेला, आणि तरीही ती विकत घ्यायला वडील नागपूरला जायचे. मला वारशात त्यांचा रेकॉर्ड प्लेयर मिळाला, आणि असमाधान.

असमाधान हप्त्याहप्त्याने फेडता येतं, असं सुरुवातीला वाटतं. आधी प्लेयरची सुई बदलली. सुई चांगली झाल्यावर अँप्लिफायरचा घोगरेपणा जाणवला. अँप्लिफायर बदलला, तर स्पीकर बसक्या आवाजात बोलतात असं लक्षात आलं. एका खोलीला रंग दिला की शेजारची खोली कळकट दिसते, त्यातला प्रकार. मग कलकत्त्याच्या सोनोडाइन कंपनीचे स्पीकर मिळाले, जुने पण खानदानी. मग तारा. तारांच्या बाबतीत जाणकार मंडळी तुम्हाला सोन्याचा मुलामा, चांदीचा गाभा वगैरे ऐकवतात. दोन-तीन मीटरच्या अंतराला हार्डवेअरच्या दुकानातली तांब्याची जाड वायर तेच काम करते. हे मी जाणकारांना सांगितलं. आता ते आमच्याकडे येत नाहीत.

खरी गंमत वॉटची. अँप्लिफायरची ताकद दुप्पट केली तर आवाज वाढतो तीन डेसिबल, म्हणजे पलीकडच्या खोलीतून ‘जरा मोठा केलात का?’ एवढी चौकशी होण्यापुरता. कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण दहापट ताकद लागते. माझा अँप्लिफायर तीस वॉटचा. दुप्पट आनंदासाठी तीनशे वॉट! या हिशेबाने चौपट आनंदाला तीन हजार लागतात, आणि तिथे धुमालचा ट्रक सुरू होतो.

दुसरा हिशेब वयाचा. नव्या ट्वीटरच्या खोक्यावर छापलं होतं की तो सेकंदाला पंचवीस हजार कंपनांपर्यंत गातो. माणसाचा कान भर तारुण्यात फार तर वीस हजारांपर्यंत पोचतो आणि पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांचा बाराच्या आसपास हात टेकतो. म्हणजे वरची तेरा हजार कंपनं मी शेजाऱ्यांच्या कुत्र्यासाठी विकत घेतली. तो कुंपणापाशी येऊन बसतो, हे खरं आहे.

आमच्या गल्लीत एक टेंटहाऊसवाले भैया आहेत. मांडव, खुर्च्या, जनरेटर आणि डीजे असं सगळं एकाच पावतीवर देतात. एकदा वर्गणीच्या निमित्ताने आले आणि अँप्लिफायरपुढे थबकले.

“कितने वॉट का है?”

“तीस.”

“तीस सौ?”

“फक्त तीस.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वर्गणीचा आकडा त्यांनी मनात तिथल्या तिथे कमी केला असावा. तरी शिष्टाचार म्हणून बसले. मी भीमसेन जोशी लावले. मिनिटभराने त्यांनी मान तिरकी केली, उठले, एका स्पीकरपाशी गेले, दुसऱ्यापाशी गेले, आणि म्हणाले, “भैया, ये दोनों आपस में लड़ रहे हैं।”

मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यातला दीड व्होल्टचा सेल त्यांनी काढला. स्पीकरच्या तारा सोडवून त्यांची टोकं सेलला टेकवली, लाल वरच्या बोंडाला, काळी बुडाला. उजव्या स्पीकरचा कागदी पडदा टक्कन पुढे आला. डाव्याचा तसाच टक्कन आत गेला. डावा स्पीकर दुरुस्तीहून आलेला होता. आतल्या तारा जोडताना कारागिराने उलटसुलट केल्या होत्या. एक हवा ढकलतोय, त्याच क्षणी दुसरा ओढतोय, मग खर्ज उरणार कुठून? दोघं मिळून त्याचा शून्याने गुणाकार करत होते. भैयांनी लाल-काळी बदलली. पुन्हा भीमसेन लावले, आणि इतके महिने गैरहजर असलेला तंबोरा खोलीत येऊन बसला. केर काढणाऱ्या बाई हातातला झाडू थांबवून म्हणाल्या, “अब बने बाजत हे।” ज्या माणसाच्या ट्रकमुळे मी दर भाद्रपदात कानांत कापूस घालतो, त्याचा कान माझ्यापेक्षा तयार निघाला, हे पचवायला वेळ लागला. घड्याळ संध्याकाळपर्यंत बंद होतं ते वेगळंच.

जाता जाता त्यांनी टाळी वाजवून दाखवली. खोलीने तीच टाळी चार वेळा परत केली. खाली गुळगुळीत टाइल्स, समोर उघडी भिंत. प्रत्येक सूर आपटून आपटून परत येणार. उपाय म्हणून सतरंजी आली, जाड पडदे आले, आणि समोरच्या भिंतीला दिवाळी अंकांचं कपाट आलं. या अंकांना रद्दीवाल्याकडे पाठवण्याचा ठराव घरात दरवर्षी मंजूर होत असे. आता त्यांना ध्वनिशास्त्राचं संरक्षण आहे. कथा, कविता, वार्षिक राशिभविष्य, सगळेच आवाज फार छान शोषतात. नुसता जाहिरातींचा अंक तेवढाच शोषतो का, हे अजून तपासायचं आहे.

एवढं सगळं जुळून आलं तेव्हा मार्च संपत आला होता. रायपूरचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पारा पंचेचाळिसाकडे निघाला आणि खिडकीत कूलर बसला. वाळ्याच्या ताट्या, टपटपणारं पाणी आणि मागे विमानाच्या जिद्दीने फिरणारा पंखा. राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबलच्या वर जाऊ नये असा नियम आहे. मोबाइलवर मोजलं, तर नुसता कूलरच साठीच्या पुढे. गाणाऱ्याने आर्त, हळुवार आलाप घ्यावा आणि वरून ‘घर्रर्र’. कूलर बंद करावा तर गवयापेक्षा आर्त स्वर आपलाच निघतो. म्हणजे जूनच्या पावसापर्यंत आमचं शास्त्रीय संगीत बंद. मोठ्याने गाणाऱ्यांनाच तेवढा प्रवेश.

म्हणून पुढची सुधारणा म्हणजे नवा अँप्लिफायर नव्हे, नवा कूलर, असं घरात एकमताने ठरलं. असं एकमत या विषयावर पहिल्यांदाच झालं. मालवीय रोडवरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एकेक कूलर चालू करून दाखवला आणि मी प्रत्येकाच्या बाजूला कान लावून उभा राहिलो. हवा किती लांब जाते, टाकीत पाणी किती मावतं, हे तो सांगत होता. शेवटी मी विचारलं, “बिना आवाज का नहीं है क्या?”

त्याने बटण बंद केलं. “रखते थे भैया,” तो म्हणाला, “लोग वापस कर जाते थे, कि चल ही नहीं रहा है।”