बदल्यांचा हंगाम

जुलैत अबुधाबीचा पारा ४५च्या घरात जातो आणि मैदानावर चिटपाखरू दिसत नाही. फुटबॉल मात्र मुसफ्फाच्या चहावाल्याकडे, करक चहाच्या कागदी पेल्यांवर जोरात चालू असतो. कुणाची बदली कुठे, किती कोटींना! मंत्रालयातही एवढी खडान्‌खडा माहिती नसेल.

२००८ पासून मँचेस्टर सिटीचे मालक इथले शेख मन्सूर; म्हणून आमच्या मंडळींचा तो ‘आपला’ क्लब. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने त्याच्यावर आर्थिक नियमभंगाचे शंभरावर आरोप ठेवले, क्लबने ते फेटाळले. तेव्हापासून ज्यांना स्वतःच्या पगाराची स्लिप कळत नाही, ते प्रायोजकत्वाचे हिशेब तपासतात. “अहो, सगळे जळतात आपल्यावर!” हा पुरावा. लिव्हरपूलवाल्याने तोंड उघडलं, की चहाचे पैसे त्याच्याच गळ्यात.

इथल्याच अल जझीरा क्लबचं नाव मात्र कुणी काढत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये याच शहरात या क्लबने मध्यंतरापर्यंत रेआल माद्रिदला १-० ने मागे ठेवलं होतं. शेवटी २-१ ने हरला. हंगाम सुरू झाला की त्याच्या मोहम्मद बिन झायेद स्टेडियमवर एकदा जाऊन या. जागेची काळजी नसावी.