साठ-तीस-दहा

बाणेरच्या एखाद्या कॅफेत कोपऱ्यातल्या टेबलाशी पांढरा शर्ट, करडी पँट आणि नारिंगी पट्ट्याचं घड्याळ अशा वेषातला इसम दिसला, तर तो युआय डिझायनर, म्हणजे ॲपचं रूप आखणारा, समजावा. तो पट्टा हौसेचा नव्हे, हिशेबाचा आहे. पांढरा साठ टक्के, करडा तीस, नारिंगी दहा.

हा हिशेब मूळचा घरं सजवणाऱ्यांचा. भिंतींना ६०, सोफा-पडद्यांना ३०, उशा-अभ्रे वगैरे सटरफटर वस्तूंना १०. डिझायनर मंडळींनी तो मोबाइलच्या स्क्रीनवर आणला, तिथवर ठीक होतं. पण आमचा हा गृहस्थ पंगतीतही भात साठ, आमटी तीस, लोणचं दहा असं धरून बसतो आणि कोशिंबीर आली की पानावर हात आडवा धरतो. त्यात त्याने रंगांचा सिद्धान्त मांडणारा योहानेस इटेन वाचलेला. पिवळा जांभळ्याच्या तिप्पट उजळ, म्हणून तोल साधायला तीन भाग जांभळ्याला एक भाग पिवळा पुरे, असं इटेनचं गणित. हे वाचल्यावर सख्ख्या आत्याच्या जांभळ्या पैठणीकडे बघून तो म्हणाला, "आत्या, तुझे काठ चौथाईच्या वर गेलेत." आत्याने त्या दिवशी त्याला चहा विचारला नाही.

त्याची खरी कसोटी लागली एका पतसंस्थेच्या ॲपात. चेअरमनना ठेवीचा व्याजदर लाल हवा होता, कर्जाचं बटण लाल, वार्षिक सभेची सूचना लाल.

"साहेब, लाल रंग चुकीसाठी राखून ठेवायचा असतो. पिन चुकला, पैसे अडकले, तेव्हा. सगळंच लाल केलं तर सभासदाने बोट कुठे ठेवायचं?"

"कुठंही ठेवू द्या की. ॲप आपलंच आहे!"

ह्यावर इटेनकडेही उत्तर नसावं.

पण डाव उलटला तो पुढच्याच स्क्रीनवर. चेअरमननी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला आणि विचारलं, "इथं काही लिहिलंय का?" लिहिलं होतं, पांढऱ्यावर फिक्या करड्या अक्षरांत, अत्यंत अभिरुचीपूर्ण. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी उजेडाचं किमान ४.५ ला १ प्रमाण लागतं, हा वेबचा जगन्मान्य दंडक. तो ह्याला तोंडपाठ आहे. फक्त तो दुसऱ्यांच्या कामाला लावायचा असतो अशी ह्या जमातीची समजूत. रंग किती जागेत पसरला हे मोजत बसणाऱ्याला त्यातली अक्षरं वाचता येतात का, हे बघायचं सुचत नाही. साठ-तीस-दहा हा तर अंदाज आहे. ॲप उघडणारा कोणी फूटपट्टी घेऊन बसत नाही.

शेवटी तडजोड झाली. अक्षरं काळी झाली, लाल फक्त चुकीला उरला आणि 'पैसे पाठवा' हे एकच बटण नारिंगी राहिलं. त्यामुळे पेन्शनर सभासदही ते न शोधता दाबतात. चेअरमनांचा फोटो मात्र पहिल्याच स्क्रीनवर आहे. त्याने किती टक्के जागा व्यापली, हे आमच्या गृहस्थाने अजून मोजलेलं नाही. बिल मंजूर व्हायचंय.