जोडीबुवा

वाणगावात कुणालाही ‘काय घेणार?’ असं विचारलं तर तो चहा म्हणतो नाहीतर सरबत म्हणतो. जोडीबुवा विचारतात, ‘कशाबरोबर?’

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. गाव मात्र जोडीबुवाच म्हणतं. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते क्यूसीला आहेत. दिवसभर नमुने तपासायचे, ‘पास’ नाहीतर ‘रिजेक्ट’ लिहायचं आणि संध्याकाळी बोईसरला डहाणू लोकल पकडून पुढच्याच स्टेशनात उतरायचं. पंचाईत एवढीच, की क्यूसीही त्यांच्याबरोबर वाणगावला उतरते.

जगात कुठलीही चव एकटी राहू नये, तिचं कुणाशी तरी जमवून द्यावं, असा त्यांचा ध्यास. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याआधी जिलेबी आली की ते वाढप्याचा हात धरतात. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा लोकांनी पेढे वाटले असते. यांनी चिकूच्या फोडी मिरपूड घालून वाटल्या. एका घरी तेराव्याच्या जेवणात वडे आणि खीर ही जोडी पूर्वजांनी किती विचारपूर्वक लावली आहे, हे त्यांनी घरच्यांना समजावून सांगितलं. घरच्यांनी मान डोलावली. दुःखात माणूस वाद घालत नाही.

अशा माणसाला भाच्याने पुण्यात नेऊन क्राफ्ट बिअर पाजली. पुण्याला २००९ साली डूलाली सुरू झाली आणि स्वतः बनवलेली ताजी बिअर तिथेच विकण्याचा प्रकार आपल्याकडे रुजू लागला, हे भाच्याने सांगितलं. मामांनी ते ऐकलं, आणि पुढचं सगळं मामाच सांगू लागले. बोईसरच्या ढाब्यावर मित्र बर्फासारखी गार स्ट्राँग मागवतात, तिकडे ते आता दयेने बघतात. ‘जी बिअर इतकी गार करावी लागते,’ ते म्हणतात, ‘तिच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतं.’

यंदा १४ फेब्रुवारीला त्यांनी वहिनींसाठी गच्चीवर बिअर आणि चॉकलेटचा बेत केला. आमची गच्ची त्यांच्या गच्चीला लागून आहे आणि जोडीबुवांचा आवाज प्रशिक्षणवर्गाचा आहे, त्यामुळे आम्हालाही तो बेत घरबसल्या लाभला.

टेबलावर गुलाब होता. गुलाबाशेजारी थर्मामीटर होता (‘लॅबचा नाही, माझा स्वतःचा’). त्याशेजारी लॅमिनेट केलेला त्यांचा मद्य-परवाना होता. १९४९ चा दारूबंदी कायदा राज्यात अजून आहे आणि पिणाऱ्याकडे परवाना लागतो, हे लक्षात ठेवणारा आमच्या आळीतला हा एकमेव गृहस्थ. वहिनींसाठी त्यांनी एका दिवसाचा परवाना काढला होता आणि तो बदामाचं चित्र असलेल्या पाकिटातून त्यांना भेट दिला. शिवाय एक तक्ता होता. रकाने पाच: रंग, वास, फेस, चव, रोमान्स. प्रत्येकी दहा गुण.

वहिनी वाणगावच्या मिरचीवाल्यांच्या घरातल्या. फेब्रुवारी म्हणजे ऐन तोडणीचा हंगाम. त्या सकाळपासून मिरची निवडून, भरून, टेम्पो वाशीला रवाना करून आल्या होत्या. नवी साडी नेसून बसल्या खऱ्या, पण पोटात काही नव्हतं.

‘अहो, पिऊ का?’

‘थांब. आधी समजून घे.’

मग त्यांना समजून घ्यावं लागलं. बार्लीला मोड आणायचे, वाळवायची, म्हणजे माल्ट होतं. स्टाउट या बिअरसाठी त्यातली काही बार्ली काळी होईपर्यंत भाजतात. कोकोच्या बियाही आधी आंबवतात, मग भाजतात. दोघींचा भाजका वास एका जातीचा, म्हणून स्टाउटला डार्क चॉकलेट. गव्हाच्या जर्मन बिअरला यीस्टमुळेच केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तिला दुधाळ चॉकलेट. आयपीए हॉप्समुळे कडू. तिच्यापुढे कडू चॉकलेट ठेवलं तर दोन सासवा एका घरात.

‘आता पिऊ?’

‘हुंग आधी. आणि चॉकलेट चावायचं नाही. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं, जिभेवर आपोआप विरघळतं. पण बिअर फार गार असली तर जीभ बधिर होते आणि चॉकलेट मेणासारखं लागतं. म्हणून स्टाउट बारा अंशांना.’

त्यांनी थर्मामीटर बुडवला. बोलता बोलता स्टाउट एकोणीसवर गेली होती. बाटली पुन्हा फ्रिजमध्ये गेली. वहिनीही मुकाट्याने खाली गेल्या.

त्या वर आल्या त्या मिरचीच्या भज्यांचं ताट घेऊन. एक भजं खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं, म्हणून समोरचा डार्क चॉकलेटचा तुकडा तोंडात टाकला, त्यावर फ्रिजमधून परत आलेल्या स्टाउटचा घोट घेतला. कुणाची परवानगी न घेता.

‘हे झकास लागतंय हो!’

‘पण हे तक्त्यात नाही!’

‘मग लिहा.’

जोडीबुवांनी भजं खाल्लं, चॉकलेट, घोट. आणि शेजारच्या गच्चीवर पहिल्यांदाच शांतता पसरली. आम्हाला काळजी वाटली.

‘अगं,’ शेवटी ते म्हणाले, ‘मिरची आणि कोको, दोघंही मूळचे अमेरिकेतले. मेक्सिकोत पूर्वी कोकोचं पेय मिरची घालूनही पीत. पोर्तुगिजांनी मिरची आपल्याकडे आणली. इथे तारापूरच्या किल्ल्यात ते १७३९ पर्यंत होते! शिवाय मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. कोकोचं लोणी तो धुऊन नेतं. किती शास्त्रशुद्ध जोडी आहे!’

‘मला भूक लागली होती,’ वहिनी म्हणाल्या.

त्यांनी तक्ता पुढे ओढला. रोमान्सच्या रकान्यात त्यांनी किती गुण दिले ते आम्हाला दिसलं नाही. मात्र जोडीबुवांनी ‘यात दशांश चालत नाही’ म्हणून तक्रार केल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

सध्या सकाळच्या लोकलमध्ये त्यांची या शोधावर व्याख्यानं चालू आहेत. ‘मी वाणगावच्या मिरचीची स्टाउटशी जोडी लावली,’ असं ते सांगतात, आणि बोईसर येईपर्यंत ऐकणाऱ्याची सुटका नसते. परवा आम्ही वहिनींजवळ या शोधाचं कौतुक केलं.

‘हो ना,’ त्या मिरच्यांचं क्रेट उचलत म्हणाल्या, ‘जोडी मीच लावली. ह्यांनी ताप बघितला.’