एक डबा, दोन टीव्ही

शेजारच्या काकूंच्या मुलानं ठाण्याहून त्रेचाळीस इंची स्मार्ट टीव्ही आणला आणि काकूंनी तो आल्या पावली परत पाठवला, ही बातमी काकूंनी सांगायच्या आधी मला तिघींनी सांगितली होती. पहिलीच्या मते टीव्ही सुनेच्या पसंतीचा होता म्हणून नको झाला. दुसरीच्या मते काकूंच्या भिंतीला ओल आहे, खिळा धरत नाही. तिसरी म्हणाली, वय झालं की माणूस असंच करतं. आमची बोरिवलीच्या गोराईतली बैठी घरं. जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडानं ऐंशीच्या दशकात आखलेले टीचभर प्लॉट, मधल्या चौकाकडे तोंड केलेली दारं आणि दोन ओट्यांमध्ये कमरेएवढी भिंत. इथे कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हेही लपत नाही, मग त्रेचाळीस इंची खोकं कसं लपणार?

संध्याकाळी काकू ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. मी भिंतीवर कोपर टेकलं.

"काय काकू, टीव्ही परत केलात म्हणे?"

"केला. आहे तो चालतोय की! तो म्हणतो, आई, जुना टीव्ही आता डिजिटलला चालत नाही. मी म्हटलं, मेल्या, 2012 पासून डिजिटलच बघतेय. हा सेट-टॉपचा डबा काय मीठ-मसाल्याचा आहे?"

काकूंचा टीव्ही व्हिडिओकॉनचा, एकवीस इंची, मागे भलंमोठं पोट असलेला. तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावच्या कारखान्याचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं ते याच कंपनीमुळे. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कज्ज्यात गेली. काकूंचा टीव्ही मात्र सकाळी सातला न चुकता सुरू होतो.

"पण काकू, तो बारा साली सगळ्यांनी बदलला, तुम्हीच कसा ठेवलात?"

झालं. वाल बाजूला राहिले.

"अगं, सगळ्यांनी कुठला बदललाय! त्या ऑक्टोबरात तू इथे नव्हतीस. आधी म्हणाले जूनअखेर केबल बंद. मग म्हणाले 31 ऑक्टोबर. आपण म्हटलं, हेही पुढे ढकलतील. केबलवाला रोज दारात. 'काकी, डबा घ्या, नाहीतर मुंग्या दिसतील.' मागच्या लाइनीतल्या वहिनी म्हणाल्या, दिसू देत मुंग्या. आणि त्या रात्री बाराला खरंच मुंग्या! दिवाळी दोन आठवड्यांवर. वहिनींची सासू म्हणाली, माझी मालिका गेली, मी फराळाला हात लावणार नाही."

इथे थोडं मधे बोलते, कारण काकू सांगतात त्यात कायदा नसतो. केबलचा मूळ कायदा 1995 चा. 2011 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई या चार शहरांना पहिल्या टप्प्यात धरलं. चेन्नईचं प्रकरण कोर्टात अडकलं, कोलकात्यात राज्य सरकारच आडवं आलं. मुंबईत मात्र ठरलेल्या रात्री जुना सिग्नल खरोखर गेला. त्याआधी 2006 च्या अखेरीस दक्षिण मुंबईच्या भागात 'कॅस' नावाखाली डबे बसले होते, पण ती भानगड टाउनची म्हणून आपण उपनगरवाले निवांत होतो. चित्र स्वच्छ दिसेल, वाहिन्या जास्त मिळतील, असं सांगून डबा विकला. ते खोटं नव्हतं. ॲनालॉगची एक वाहिनी जितकी जागा अडवते, तेवढ्यात डिजिटलच्या दहा-बारा सहज बसतात. पण खरी गोम मोजणीत होती. गल्लीतला केबलवाला पाचशे घरांना वायर द्यायचा आणि वर शंभर दाखवायचा. वाहिन्यांचे पैसे बुडायचे, सरकारचा करमणूक कर बुडायचा. एका वायरीवर तुम्ही तीन टीव्ही लावलेत तरी कुणाला पत्ता नसे. डबा आला आणि प्रत्येक टीव्हीला नंबर पडला. डब्याचं पहिलं काम तुम्हाला मोजायचं, चित्र दाखवायचं दुसरं, असं माझं आपलं मत.

आणि याच मोजणीतून मागच्या लाइनीत महाभारत झालं.

"वहिनींकडे टीव्ही दोन," काकू आवाज खाली आणत म्हणाल्या. म्हणजे चौकापलीकडे जेमतेम ऐकू जाईल इतका. "एक बाहेर सासूचा, एक आत हिचा. आधी एका वायरीवर दोन्ही चालायचे, ज्याला जे हवं ते. आता म्हणे टीव्ही तितके डबे. हजाराच्या आसपास एकेक डबा, वर महिन्याचे पैसे. वहिनींच्या नवऱ्यानं डोकं चालवलं. एकच डबा घेतला, मागून वायर काढून दोन्ही टीव्हींना जोडली. चित्र आलं की दोन्हीकडे!"

"मग बरंच झालं की."

"कसलं बरं! डबा एक म्हणजे चॅनल एक. सासूनं बाहेर कीर्तन लावलं की आत सुनेच्या टीव्हीवर कीर्तन. सुनेनं रिमोट घेऊन मालिका लावली की सासूच्या पुढ्यात मधेच तो मेला नायक. सासूला वाटायचं सून मुद्दाम करते. सुनेला वाटायचं सासू. आणि डबा होता बाहेर, म्हणजे रिमोट सासूच्या उशीखाली! सून दर जाहिरातीला बाहेर येऊन बटण दाबून जायची. शेवटी दुसरा डबा घेतला. हजार रुपये वाचवायला गेले आणि दिवाळीत दोन चुली व्हायची वेळ आली."

त्याच नोव्हेंबरची आणखी एक आठवण काकू सांगतात, तेव्हा त्यांचा आवाज आपोआप बदलतो. 17 तारखेला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार. मुंबई बंद. ज्यांच्याकडे अजून डबा बसला नव्हता ती अख्खी लाइन काकूंच्या बाहेरच्या खोलीत आणि ओट्यावर बसली होती. "दिवसभर चहाचं आधण उतरलं नाही," एवढंच म्हणून काकू पुन्हा वालाकडे वळल्या.

मी विषय वायरींकडे नेला, कारण मला खरी उत्सुकता तीच होती. आमच्याकडेही माळ्यावर एक जुना टीव्ही आहे.

"सोपं आहे गं. मागे तीन भोकं बघ. पिवळं, पांढरं, लाल. पिवळ्यातून चित्र, बाकी दोन आवाजाची. माझ्या टीव्हीला पिवळं आणि पांढरंच आहे, लाल पिन तशीच लोंबते. तो पोरगा म्हणाला, काकी, स्टिरिओ नाही येणार. म्हटलं, बाबा, मला एका कानानं कमी ऐकू येतं, कुठला स्टिरिओ!"

ही भोकंच नसतील तर? काकूंच्या थोरल्या दिरांकडे लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट होता, त्याला मागे फक्त अँटेनाची जागा. तिथे मध्ये दुभाषी बसवावा लागतो: आरएफ मॉड्युलेटर. डब्याच्या पिना त्यात घालायच्या, त्याची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात, आणि टीव्ही मॉड्युलेटरवर दिलेल्या चॅनलला ट्यून करायचा. पुढे सगळं डब्याच्या रिमोटवर. काही डब्यांत ही सोय आतच असते. रंगीत कार्यक्रम त्यावर काळा-पांढरा दिसतो, पण दिसतो. दिरांनी तो मॉड्युलेटर लॅमिंग्टन रोडवरून आणला होता, आणि त्या निमित्तानं ग्रँट रोडला उतरून काय काय खाल्लं हेही काकूंना तोंडपाठ आहे. ते इथे गाळते.

काकूंची मोठी तक्रार वेगळी. "दिवे गेले की येतो ना तो प्रकार. दिवे आले, टीव्ही लावला, पडदा निळा. मी केबलवाल्याला फोन. पोरगा आला, एक बटण दाबलं, आणि दोनशे रुपये. पुढच्या महिन्यात परत तेच. तिसऱ्यांदा मी त्याच्या पाठीशी उभं राहून बघितलं काय दाबतो ते. टीव्हीच्या रिमोटवरचं एव्ही! डबा ठणठणीत, टीव्हीच आपला एक नंबरच्या चॅनलवर जाऊन बसलेला. आता ते बटण मी नेलपॉलिशनं रंगवलंय."

ती लाल ठिपक्याची युक्ती एव्हाना आमच्या लाइनीतल्या चार घरांत पोचली आहे.

चित्राच्या बाजू कापल्या जाण्यावरचा उपायही काकूंकडूनच कळला. आता सगळे कार्यक्रम रुंद पडद्यासाठी बनतात आणि जुना टीव्ही चौकोनी, म्हणून बातम्यांच्या पट्टीची दोन्ही टोकं गायब. डब्याच्या मेनूत पडद्याचा आकार निवडायची जागा असते. तिथे 4:3 आणि लेटरबॉक्स घेतलं की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, पण चित्र पुरं दिसतं. "पट्ट्या असू देत," काकू म्हणाल्या, "मला शेअरबाजार नको, पण बारसं कुणाचं चाललंय ते तरी कळू दे."

डिजिटल आलं आणि एक गंमत गेली, हे मात्र खरं. काकू फ्रॉकमध्ये होत्या तेव्हा, 2 ऑक्टोबर 1972 ला, वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झालं. नंतर गोराईच्या पत्र्यांवर अँटेना चढल्या, सगळ्यांची तोंडं दक्षिणेला, वरळीकडे. कावळा बसला की चित्र हलायचं. धूसर का होईना, मॅच दिसायची. डिजिटलला धूसर माहीत नाही. एकतर लख्ख, नाहीतर चौकोनांचा चिवडा आणि मग काहीच नाही. जुलैच्या पावसात डिशच्या छत्रीवाल्यांचे हाल विचारू नका. उपग्रहाच्या त्या लहरी मुसळधार पावसात विरतात आणि ऐन मॅचमध्ये पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी येते. केबलवाले तेव्हा खिडकीतून हसतात.

पत्र्यावरची जुनी अँटेना आता भंगारच. दूरदर्शनचे बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक 2021-22 च्या सुमारास बंद झाले. 2004 च्या डिसेंबरात सुरू झालेली दूरदर्शनची मोफत छत्री आहे, आता तिला फ्री डिश म्हणतात. छत्री आणि डब्याचा खर्च एकदाच, महिन्याला काही नाही, सह्याद्री दिसते. आमच्याकडून तिचं तोंड आग्नेयेला करावं लागतं. समोर टॉवर उभा राहिलेला नसेल तर. बोरिवलीत हा 'तर' मोठा आहे.

काकूंनी ती घेतली नाही, कारण त्यांना त्यांच्या दोन मालिका हव्यात. पण बिल त्या ओळ न् ओळ वाचतात. 2019 च्या फेब्रुवारीत ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नवा नियम आला, तेव्हा शंभर वाहिन्यांच्या जोडणीचे 130 रुपये आणि जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे, वर हव्या त्या वाहिन्यांचे वेगळे. केबलवाल्यानं न विचारता सगळ्यांना भाषाभाषांच्या वाहिन्यांचा गठ्ठा माथी मारला. चौकात एकट्या काकूंनी कागदावर स्वतःच्या वाहिन्या लिहून दिल्या. पोरगा म्हणाला, काकी, असं कुणी करत नाही. "मी करते," काकू म्हणाल्या. तेव्हापासून त्यांचं बिल आमच्यापेक्षा कमी येतं. 2024 मध्ये ट्रायनं त्या जोडणी शुल्कावरची मर्यादा काढली, म्हणजे आता तर कागद देणं जास्तच गरजेचं.

आणि टीव्ही परत का केला, ते शेवटी निघालंच. ओल नाही, सून नाही. नव्या टीव्हीबरोबर मुलगा केबल काढून इंटरनेट लावणार होता. "मग माझ्या मालिका मोबाइलवरून लावायच्या म्हणे. मी त्याला विचारलं, तू रोज सातला ठाण्याहून येणार का लावून द्यायला?"

तिसरीचं, म्हणजे वय झालं म्हणणारीचं, पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. तिच्याकडे नवा डबा आला, त्याला फक्त एचडीएमआय. टीव्ही जुना, तीन भोकांचा. नवऱ्यानं ऑनलाइन कन्व्हर्टर मागवला, रविवारभर खटपट केली, चित्र नाही. काकूंनी चष्मा लावून खोकं वाचलं: एव्ही टू एचडीएमआय. उलटा! बदलून आणला तेव्हा पाच मिनिटांत चित्र आलं.

तेव्हा तुमच्या माळ्यावरही असा पोटवाला टीव्ही असेल तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी त्याच्या मागे बघा. पिवळं भोक असेल तर नव्या डब्यालाही तो चालतो. डब्याला फक्त एचडीएमआय असेल तर काही शे रुपयांचा कन्व्हर्टर लागेल, त्यावर 'एचडीएमआय टू एव्ही' याच क्रमानं लिहिलेलं हवं, आणि त्याला वीज द्यायची यूएसबीची वायर लावायला विसरू नका. टीव्ही खरंच मेला असेल तर तो फोडून कचऱ्यात टाकू नका. त्या काचेत शिसं असतं, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.